निवांत गोळी आणि बुधवारचा भोंगा

मी एक जुनी गोळी आहे. मित्रांनो, घाबरू नका. मला आजवर कुणी गिळलेले नाही. मी औषधाच्या दुकानात मिळत नाही, बाटलीत राहत नाही आणि मला चवही नाही. मी संगणकावरच्या एका खेळातली गोळी आहे. निळे ठिपके एकाशेजारी एक मांडले आणि मी झाले. माझे नाव निवांत.

माझा जन्म बडोद्यात, छाणी भागातल्या एका लहानशा घरात झाला. तेव्हा संगणक घराघरांत नुकते येऊ लागले होते. ज्याच्या घरी आला, तो त्याच्यावर विणलेला रुमाल घालून ठेवी. या घरातल्या संगणकावर मात्र रुमाल फार वेळ टिकत नसे. हेरंबकाका रावपुऱ्यात संगणकाचा क्लास चालवीत आणि संध्याकाळी परत आले की जेवणाचे ताट वाढेपर्यंत स्वतःचा एक खेळ रचत बसत.

खेळाचे नाव 'उजाड'. त्यात विषारी वाऱ्याने एक मोठे शहर ओस पडले आहे. एक प्रवासी पाठीवर झोळी घेऊन पडक्या घरांतून पाणी शोधत शहराबाहेर निघाला आहे. मधूनच भोंगा वाजतो. भोंगा वाजला म्हणजे वारा येणार. मग उंचावरचा झेंडा पाहायचा, वारा कुठून कुठे चालला आहे हे समजून घ्यायचे आणि त्याला आडवे पळायचे. वाऱ्याच्या पुढे पळणाऱ्याला वारा गाठतोच.

पडद्याच्या कोपऱ्यात एक लाल पट्टी होती. ती प्रवाशाच्या भीतीची. भोंगा वाजला की पट्टी वाढे, त्याचे हात थरथरत, पाऊल अडखळे. त्या पट्टीसाठी काकांनी मला घडवले. कळफलकावरची लांब कळ दाबली की प्रवासी मला तोंडात टाकी. पट्टी ओसरे. भोंगा बुजत जाई, झेंडा धूसर होई, सारे शहर निळसर दिसू लागे आणि कुठूनशी बासरी वाजे. वारा मात्र येतच असे.

काकांनी मला पहिल्यांदा क्लासमध्ये नेले, तेव्हा खालच्या मजल्यावर घड्याळे दुरुस्त करणारे भास्करराव चहा घेऊन वर आले होते. ते बराच वेळ पडद्याकडे पाहत राहिले.

“हेरंबराव, पोरांना संगणक शिकवताय की नशा?”

“नशेचं खोटेपण शिकवतोय. गोळीनं भीती जाते, वारा जात नाही. चार वेळा प्रवासी मेला की कळेल त्यांना.”

“मग बासरी एवढी गोड कशाला वाजवलीत? कडू वाजवायची.”

काका हसले. भास्कररावही हसले आणि कप घेऊन खाली गेले. मित्रांनो, त्या चेष्टेतच खरे बोलणे होते, पण चेष्टेत सांगितलेले कोण ऐकून ठेवतो?

आता भोंग्याविषयी सांगते. छाणीच्या पलीकडे रसायनांचा एक कारखाना होता. तो आपला धोक्याचा भोंगा दर शनिवारी सकाळी वाजवून तपासत असे. गावाला त्याची इतकी सवय झाली होती की भोंगा झाला की लोक भिंतीवरची घड्याळे लावून घेत. काकांना खेळासाठी खराखुरा आवाज हवा होता. एका शनिवारी त्यांनी टेपरेकॉर्डर खिडकीबाहेर धरला. खाली रस्त्यावर त्यांची पुतणी मैथिली उभी होती. “भाई, हॉर्न नका मारू हं, रेकॉर्डिंग चालू छे,” असे ती प्रत्येक रिक्षावाल्याला बजावत होती. अशा रीतीने तो भोंगा माझ्या घरी राहायला आला, आणि त्याला गप्प करणे हे माझे रोजचे काम झाले.

क्लासमधल्या मुलांना मी फार आवडले. काकांना वाटले तशी मात्र नाही. मुले झेंड्याकडे बघतच नसत. भोंगा व्हायचा अवकाश, कुणीतरी ओरडे, “यार, निवांत मार ने.” मग प्रवासी निळ्या रस्त्यावर आडवा होई. बासरी चाले. वारा येऊन त्याचा जीव थेंबाथेंबाने घेई आणि त्याच्या चेहऱ्यावरचे हसू हलत नसे. “आ तो सूतो सूतो हसे छे,” हा तर झोपल्या झोपल्या हसतोय, म्हणत मुले हसून लोटपोट होत आणि खेळ पुन्हा सुरू करत. शहाणपण खेळाच्या शेवटी ठेवले होते आणि गोडी आधी. मुले गोडीपाशीच थांबत. माझे कौतुक होत राहिले. मुलांनी माझ्या सीडी काढून मित्रांना दिल्या, मित्रांनी आणखी कुणाला. मी अलकापुरीत गेले, गावाबाहेर गेले. कुठे कुठे गेले ते मलाही ठाऊक नाही.

मग मे महिन्यातला तो बुधवार आला.

दुपारची वेळ होती. मैथिलीची आई आणि वडील कामावर होते, काका रावपुऱ्यात. मैथिली तेव्हा सातवीतून आठवीत गेली होती. तिचा धाकटा भाऊ कुशल, नुकता बोलायला लागलेला, आतल्या खोलीत खिडकीच्या कूलरसमोर झोपला होता. कूलर बाहेरची हवा ओढून आत सोडतो, हे तुम्हाला माहीतच आहे.

मैथिली खेळत होती. भोंगा वाजला. तिचा अंगठा आपोआप लांब कळेवर गेला. मी माझे काम केले. पट्टी ओसरली, शहर निळे झाले, बासरी सुरू झाली.

भोंगा थांबला नाही.

“या गोळीला काय झालं?” असे म्हणत तिने कळ पुन्हा दाबली. मी पुन्हा गेले. निळे आणखी गडद झाले. प्रवासी हसू लागला. भोंगा तसाच. तिने तिसऱ्यांदा कळ दाबली, स्पीकरला चापट मारली, मग आवाजाचे बटण फिरवून पार खाली आणले. बासरी बंद झाली.

भोंगा वाजतच राहिला.

तोवर मी त्या आवाजाला कधी हरले नव्हते. तेव्हा मला कळले की हा आवाज काचेच्या माझ्या बाजूचा नव्हे.

मागच्या कुंपणभिंतीवरून शेजारच्या रमीलामासींची हाक आली. त्यांचा आवाज झोपेतून उठल्यासारखा होता.

“मैथिली, आजे शनिवार छे?”

“ना, मासी. बुधवार.”

आतल्या खोलीत कुशल खोकला.

मैथिलीची खुर्ची मागे पडली. कूलरचे बटण खटकन बंद झाले. माठातले पाणी पंच्यावर ओतल्याचा आवाज आला, कुशलचे रडणे आले, ते ओल्या कापडाखाली दबले, आणि दार आपटले. मग घरात कुणी नव्हते. प्रवासी निळ्या रस्त्यावर आवाजाशिवाय हसत पडून होता. काचेच्या आत वारा आला. काचेच्या बाहेरही काहीतरी आले. मला नाक नाही, म्हणून मी त्याचा वास सांगू शकत नाही. खिडकीचा पडदा एकदा फुगला आणि बसला. संध्याकाळपर्यंत टेबलावरच्या मनीप्लँटची पाने पांढरट पडली होती.

पुढचे मी रमीलामासींच्या तोंडून ऐकले. बऱ्याच दिवसांनी त्या काकांच्या समोर बसून सांगत होत्या.

“बधां लोक हायवेकडे पळत होते, हेरंबभाई. मी पण. ही पोरगी माझा हात धरून म्हणे, मासी, ध्वज जुओ. देरासरावरचा, आपल्या जैन मंदिरावरचा, ध्वज सीधा हायवेकडे फडकत होता. हवा तिकडेच चालली होती ने. मी म्हटलं, गांडी थई गई के, वेडी झालीस का? पण तिनं मला ओढत आडवं शेतात नेलं. कडेवर हे बाळ.”

हायवेकडे गेलेल्यांविषयी त्या काही बोलल्या नाहीत. काकांनीही विचारले नाही.

कुशल रुग्णालयातून घरी आला. चालू लागला, खेळू लागला. पण त्याचा आवाज बदलला होता. दोन फळकुटे एकमेकांवर घासावीत तसा तो बोले, आणि हसला की खोकला येई. तो आवाज पुढे तसाच राहिला.

रमीलामासी हे सांगून गेल्या, त्याच संध्याकाळी काकांनी मला पुसून टाकायचे ठरवले. मैथिली मागे येऊन उभी राहिली.

“गोळी राहू दे, काका. भोंगा काढ.”

“गोळीनंच तर घात केला ना?”

“ती खेळातली आहे. भोंगा खरा आहे, तो खेळात नको घालूस.” मग थोडे थांबून ती म्हणाली, “मी तीनदा कळ दाबली. तेवढा वेळ कूलर चालू होता.”

काकांनी तिच्या डोक्यावर हात ठेवला.

भोंगा निघाला. त्याच्या जागी मैथिलीने स्टीलची थाळी आणली आणि कुशलच्या हातात पळी दिली. त्याने थाळी बडवली, काकांनी तो आवाज भरून घेतला. “हा वाजला की खेळातला,” मैथिली त्याला म्हणाली. “दुसरा कुठलाही वाजला की खरा. कळलं का रे?” कुशलने घोगऱ्या आवाजात हो म्हटले आणि पुन्हा थाळी बडवली. बासरीही काकांनी काढून टाकली. आता त्या घरात मला घेतले की नुसती शांतता होते. ती कुणालाच फार वेळ सहन होत नाही.

पण मित्रांनो, त्या जुन्या सीडी परत आल्या नाहीत. कुठल्याशा कपाटात, कुठल्याशा खोक्यात मी अजून जुन्या रूपात आहे. तिथे बासरी गोड आहे, आणि तो खरा भोंगा अजून माझ्या एका स्पर्शाने गप्प होतो. कुणीतरी मला घेत असेल. कुणाच्या तरी अंगठ्याला माझी सवय लागत असेल.

मी कधी तुम्हाला भेटले तर रागावू नका. गोड असणे हेच माझे काम आहे, आणि माझ्यासारख्या आणखी पुष्कळ गोष्टी तुम्हाला भेटतील. त्या सगळ्याच काही निळ्या नसतील. तुमची भीती मात्र आमच्या हवाली करू नका. ती दारावरची राखणदार आहे. थोडी आरडाओरड करते, पण दार तीच राखते.

आणि खेळता खेळता कधी भोंगा ऐकू आला, तर आवाजाचे बटण पार खाली आणून पाहा. तरीही तो वाजत राहिला, तर उठा. आतल्या खोलीत कुणी झोपले असेल.