भोंगा चालू होता

विमानाच्या डाव्या पंखात बसवलेला एक जुना भोंगा मी, मित्रांनो. रिक्षाचा नाही, गिरणीचा नाही. मला बटणसुद्धा नाही. पंखाच्या पुढच्या कडेला एक भोक, मागे नळी आणि पिपाणीसारखी पातळ पात, एवढाच माझा देह. विमानाचं नाक फार वर गेलं, वेग मेला, की पंखावरची हवा सुटायला लागते. ती पुरती सुटली की विमान कोसळतं, त्याच्या आत मी रडतो. माझं रडणं म्हणजे चालकाला हुकूम: हातातला दांडा पुढे ढकल, नाक खाली घे. जमीन जवळ दिसत असली तरी! पण घाबरलेल्या माणसाचा हात दांडा मागेच ओढतो. म्हणून हे हाताला शिकवावं लागतं. वाचून येत नाही.

चाकूरच्या पुढे माळावर विमान चालवायला शिकवायची एक शाळा होती. तिथे माझी दहा वर्षं गेली. उदगीरचे बसवराज सर रोज सकाळी माझ्या भोकावर रुमाल धरून तोंडाने हवा ओढायचे आणि मी वाजतो का ते बघायचे. पोरं खिदळायची, "सर, विमानाचं दूध पिऊन राहिले का?"

"हाव. हे वरडलं न्हाई तर तुमची माय वरडंल."

मग ते पोरांना तीन हजार फुटांवर नेत आणि मला मुद्दाम रडवत. वीस-वीस वेळा. "वढू नको! ढकल! भी, पण ढकल!" कुणी ओकायचं, कुणी देवाचं नाव घ्यायचं. पण हात शिकायचे.

पुढे अमरनाथ साहेब मुख्य झाले. त्यांना पोरं झटपट पास करायची होती. हा धडा त्यांनी हवेतून काढून फळ्यावर आणला. बसवराज सर भांडले, "साहेब, पव्हणं फळ्यावर शिकवता का?" महिन्याभरात सरांना घरी बसवलं. एकटं उडायच्या आधी भरायच्या कागदावर मात्र 'हवेत सराव पूर्ण' हेच छापलेलं राहिलं. पोरं खाली सही करायची. समदीच करायची.

देगलूरचे बियाणेवाले गुंडप्पा, त्यांची लेक सुकन्या एकटीच अडली. "साहेब, हे तर आपण केलंच न्हाई."

"मग काय तुझ्यापायी समद्यांचं थांबवू? लई शहाणी झाली का?"

तिने सही केली. आठवड्याने ती पहिल्यांदा एकटी उडाली. गुंडप्पा कुंपणाशी पेढ्यांचा डबा घेऊन उभे होते.

उतरताना तिचं वळण लांबलं, धावपट्टी बाजूला सरकली. तिने वळण आवळलं, दांडा ओढला. मी रडलो. जीव तोडून रडलो! पण माझा आवाज तिला फक्त चाकं टेकतानाचा माहीत होता. तेव्हा मी जरासा चिरकतो, आणि तेव्हा दांडा मागेच धरायचा असतो. तिच्या हाताला तेवढंच ठाऊक. तिने आणखी ओढला. डावा पंख घसरला आणि आम्ही तुरीच्या रानात पडलो.

सुकन्या जगली. कमरेखालचं अंग मात्र हलत नाही.

चौकशीवाल्यांनी मला काढून तपासलं आणि लिहिलं: 'भोंगा चालू होता. सूचना मिळूनही चालकाची चुकीची कृती.' मग दवाखान्यात तिच्यापुढे तो कागद धरला.

"सही तुमचीच ना?"

"हाव."

"सराव झाला असं लिहिलंय."

"झाला नव्हता."

"मग सही का केली?"

गुंडप्पा म्हणाले, "साहेब, बाकीच्या लेकरायच्या सह्या बी बघा की. त्यायला तरी इचारा." कुणी विचारलं नाही. अमरनाथ साहेब आता याहून मोठी शाळा चालवतात. कागद तोच आहे.

मित्रांनो, मी खरा निघालो म्हणून ती गुन्हेगार ठरली. असल्या खरेपणाला आग लागो. मला जपा, पुसा असं मी सांगणार नाही. मी ठणठणीत होतो, काय उपयोग झाला? एवढंच मागतो. उद्या तुमच्यापुढेही असा कागद येईल. गाडीचा असेल, यंत्राचा असेल, औषधाचा असेल. तेव्हा 'मला हे शिकवलेलं नाही' असं त्यावर ठळक अक्षरात लिहा आणि त्याच्याखाली सही करा.