कॅमेऱ्यावरचं लाल स्टिकर

मित्रांनो, मी एक जुना टॅब आहे. जुना म्हणजे दोनच वर्षांचा. पण स्वस्त टॅबला म्हातारपण लवकर येतं. माझ्यात जागा थोडी आहे. पुढचं सांगायचं तर मागचं पुसावं लागतं. गोष्ट तुटक वाटली तर रागावू नका.

जागा भरली आहे. एक आठवण पुसा.

माझा जन्म पुसतो. किंमत कमी राहावी म्हणून माझ्या कॅमेऱ्यावर काचेऐवजी प्लास्टिकचं झाकण बसवलं, तेवढं ठेवतो. ते पुढे लागणार आहे.

कुरुळीतल्या दुकानात मी सगळ्यांत खालच्या फळीवर होतो. मला न्यायला नवनाथ आणि दीपमाला आले. हे कुटुंब बीडकडचं. नवनाथ चाकणच्या एका गाड्यांच्या कंपनीत रंगकामाला, पेंट शॉपला. त्यांची मुलगी तेजस्विनी बारावी झाली होती. एका संस्थेची परीक्षा तिला घरूनच द्यायची होती. पास झाली तर नर्सिंगचं शिक्षण, राहणं, जेवण, सगळं मोफत. अटी दोन. परीक्षेला मोबाइल चालणार नाही. आणि संधी एकदाच.

"ह्याच्यावर परीक्षा व्हईल ना, दादा?" दीपमालाने विचारलं.

"सगळं होतंय, वहिनी."

"मधीच बंद पडायचा न्हाई ना?"

"वापरण्यावर आहे," दुकानदार म्हणाला आणि दुसऱ्या गिऱ्हाइकाकडे वळला.

जागा भरली आहे. एक आठवण पुसा.

तिचे अभ्यासाचे व्हिडिओ पुसतो. ओढणीच्या टोकाने ती मला रोज पुसायची, ते ठेवतो.

खंडेनवमीला कंपनीत यंत्रांची पूजा होते. नवनाथ मलाही घेऊन गेले. गेटवर रणजीत नावाचे सिक्युरिटीवाले होते. त्यांनी माझ्या दोन्ही कॅमेऱ्यांवर लाल स्टिकर दाबून बसवलं. आत फोटो काढता येऊ नये म्हणून तिथे सगळ्यांच्या मोबाइलला ते लावतात.

"अहो, पूजेला आणलाय मी."

"पूजेला आणा नाहीतर लग्नाला, नवनाथभाऊ. कॅमेरा तो कॅमेराच."

आत मला कॉम्प्रेसरशेजारी ठेवलं. हळदकुंकू वाहिलं. नवनाथांच्या जोडीला काम करणारा बंटी हसत म्हणाला, "काय राव, आता पोरगी डॉक्टर करता काय?"

"डॉक्टर न्हाई, नर्स. तुला पहिली सुई तीच टोचील."

मित्रांनो, माझं एवढं कौतुक पुन्हा कधी झालं नाही.

स्टिकर कुणी काढलं नाही. "असू द्या, धूळ बसणार न्हाई," दीपमाला म्हणाली. अभ्यासाला कॅमेरा लागत नव्हता. मी चार्जिंगला तापायचो आणि स्टिकरचा गोंद खाली मुरत जायचा.

परीक्षा देताना मात्र कॅमेऱ्यात चेहरा सतत दिसावा लागणार होता. आदल्या दिवशी त्याची चाचणी होती. तेजस्विनीने नखाने स्टिकर काढलं. गोंद राहिला. त्यातून मला ती धुरकट दिसली, पण दिसली. पडद्यावर अक्षरं आली:

चेहरा दिसतो आहे. आपण परीक्षेसाठी तयार आहात.

"दिसतंय की, पप्पा. राहू दे," ती म्हणाली.

"असं चिकट कसं राहू द्यायचं? साफ करून देतो की उद्या."

दुसऱ्या दिवशी सकाळी नवनाथ तिसरी शिफ्ट संपवून थेट घरी आले. डबा न ठेवताच त्यांनी खिशातून एक पिशवी काढली. तिच्यात थिनरने भिजवलेलं फडकं होतं. पेंट शॉपमध्ये थिनरने काय निघत नाही? तेजस्विनी आंघोळीला गेली होती. त्यांनी मला मांडीवर घेतलं आणि गाडीच्या दाराचा पत्रा पुसावा तसं, गोल गोल, मन लावून पुसलं.

गोंद निघाला. प्लास्टिक दुधासारखं पांढरं झालं.

परीक्षा दहाला सुरू झाली.

चेहरा दिसत नाही. सूचना पहिली.

ती पुढे सरकली. दीपमालाने मोबाइलचा टॉर्च तिच्या तोंडावर धरला.

चेहरा दिसत नाही. सूचना दुसरी.

ती इतकी जवळ आली की तिचा श्वास माझ्यावर साचला. नवनाथ म्हणाले, "थांब, अजून एकदा पुसतो." ती ओरडली, "नका ना, पप्पा!"

सूचना तिसरी. आपली परीक्षा बंद करण्यात आली आहे.

संस्थेला फोन लावला. पलीकडची बाई म्हणाली, नियम सगळ्यांना सारखाच आहे.

नवनाथ फडकं हातात धरून बसले. खोलीभर थिनरचा वास होता. तेजस्विनी म्हणाली, "पप्पा, टॅबच हलका होता." तिने सगळा दोष माझ्यावर घातला. मी तो घेतला. खोटा तरी कुठे होता?

आता मी कपाटावर असतो. तेजस्विनी त्याच कंपनीत पॅकिंगला जाते. रोज गेटवर तिच्या मोबाइलला लाल स्टिकर लागतं. घरी आल्यावर ती ते नखाने काढते. नवनाथ बघतात. त्यांचे हात मांडीवरच राहतात.

जागा भरली आहे. एक आठवण पुसा.

एकच उरली आहे. तिसऱ्या सूचनेच्या वेळी माझ्यात आपोआप निघालेला फोटो. कुणालाही तो नुसता पांढरा दिसेल. त्यात तेजस्विनी आहे. तो मी पुसणार नाही, म्हणून माझी गोष्ट इथेच थांबते.

मित्रांनो, घरातली वस्तू मऊ, कोरड्या कापडाने पुसा. आणि ती वापरणारं माणूस म्हणालं, "दिसतंय की, राहू दे," तर राहू द्या.