पाठमोरे बाबा

मानमोडीच्या साथीत बाबा गेले, तेव्हा मी आईच्या पोटात होते. आमच्या भातकुली गावात त्या काळी फोटो कोण काढतंय! माझं लग्न ठरलं तसा मी हट्ट धरला, बाबांचं तोंड पाहून, पाया पडूनच मांडवात जाईन. हट्टी होतेच मी, अजूनही आहे.

खुशालकाकांनी अमरावतीहून अब्दुल रहीम पेंटरला आणलं. नाटकांचे पडदे रंगवणारा माणूस. काका सांगत गेले, तो रंगवत गेला. चित्र इतकं स्वच्छ उतरलं की मिशीचा केस न् केस मोजावा. मी हरखूनच गेले. आईनं मात्र निरखून पाहिलं आणि म्हणाली, "मानूस साजरा आहे. पन हा कोन होय?"

माझं डोकंच फिरलं. "मंग तूच सांग ना, कसे दिसत होते!"

"दिवसा नवऱ्याकडं तोंड वर करून पाह्याची सोय होती का आमाले?" आई म्हणाली. "घर मानसाईनं भरलेलं. रातीले दिवा मालवलेला. ते मळ्यात जात, तवा दारातून पाठ तेवढी पोटभर पायली."

रहीमचाचांनी कुंचला धुतला. "मंग पाठच सांगा, बाई."

आई डोळे मिटून सांगू लागली. पहाटेचं धुकं, शेवंतीचे वाफे, टोपलीच्या ओझ्यानं कललेला डावा खांदा, ओल्या मातीतली ती सावकाश चाल. ऐकता ऐकता मीही त्या धुक्यातून कुणाच्या तरी मागे चालत होते, आणि तो माणूस काही केल्या वळत नव्हता.

दुसरं चित्र तसंच झालं. पिवळसर धूसर मळा, मध्ये वीतभर माणूस, कडा दवात विरघळलेल्या. आईनं पाहिलं आणि पदर तोंडात कोंबून रडू लागली. "हेच. हेच ते."

"यात बाबा हायेत कुठं?" मी ओरडले. "मले तोंड पाह्याचं होतं!"

आईनं डोळे पुसले. "तुही आजी म्हने, पोरगी हुबेहूब बापावर गेली. तवापासून तुह्याच तोंडात त्याईले पाहून राहिली मी. आता ते तोंड सासरी चाललं, शकुन. मले पाठ तरी राहू दे."

चित्राच्या पाया पडायचं राहूनच गेलं. मी आईच्या पायाशी बसले, आणि ती सगळ्यांदेखत माझं तोंड दोन्ही हातांत धरून किती तरी वेळ पाहत राहिली.