बीव्हर्सना नववा गडी हवा होता

रेग्निट्झ बीव्हर्स हा जर्मनीतल्या एर्लांगेनचा बेसबॉल संघ हरण्यात चांगलाच मुरलेला होता. गेल्या मोसमात ते एकदाच जिंकले, तेही समोरचा संघ आलाच नाही म्हणून. तरी प्रभाताईंचा त्यांच्यावर भारी जीव.

अमरावतीहून मुलाकडे, उत्कर्षकडे राहायला आल्यावर नदीकाठी फिरताना त्यांना हे मैदान सापडलं होतं. पहिल्या दिवशी त्या बाकावर टेकल्या त्या गुडघे दुखले म्हणून. हळूहळू खेळ कळू लागला आणि मग माणसंही. चेंडू फेकणाऱ्या लुकासचा हात जोरदार, पण एक चेंडू चुकला की पोराचं तोंड उतरायचं आणि पुढचे सगळे भरकटायचे. पहिल्या बेसवरचा उवे बेकरीत पहाटेपासून राबून यायचा आणि उभ्याउभ्या पेंगायचा. कोच यॉर्ग कुणावरही आवाज चढवत नसे. हरल्यावर सगळे मिळून मैदान झाडायचे, हसायचे, आणि प्रभाताईंना हात करून घरी जायचे. असल्या माणसांवर रागावणार तरी कसं?

मोसम तोंडावर आला होता. एका शनिवारी सरावानंतर यॉर्ग बाकापाशी आला आणि बोटं दाखवत सावकाश सांगू लागला. त्यांच्या कॅचरला, म्हणजे लुकाससमोर बसून चेंडू झेलणाऱ्याला, इंगोलश्टाटला नोकरी लागली होती. उरले आठ, लागतात नऊ. कुणी मिळालं नाही तर यंदा संघाचं नाव मागे घ्यावं लागणार.

प्रभाताई बाकावरून उठल्याच. जवळ होतं नव्हतं तेवढं जर्मन गोळा करून त्या म्हणाल्या, "माइने श्वीगरटोख्टर! झेअर गूट!" माझी सून, फार छान खेळते!

सून, म्हणजे अरुंधती, घरी लॅपटॉप मिटत होती. ऐकून ती उडालीच.

"अहो आई, मला विचारायचं तरी!"

"विचारलं असतं तर नाही म्हणाली असतीस."

"गेनाऊ! अगदी बरोबर! मी कॉलेजात सॉफ्टबॉल खेळायचे, जळगावला. त्याला किती वर्षं झाली! आणि हा खेळ वेगळा आहे."

"चेंडू झेलायचाच असतो ना दोन्हीकडे?"

उत्कर्षला हसू फुटलं, पण बायकोचा चेहरा बघून त्याने ते गिळलं. अरुंधती म्हणाली, "शब्द तुम्ही दिलात, मोडायला मी जाते. उद्या येते आणि स्वतः सांगते."

दुसऱ्या दिवशी शेजारच्या गावाच्या संघाशी सरावाचा सामना होता. अरुंधतीने यॉर्गला नीट समजावून सांगितलं: ऑफिस, घर, वेळ नाही. यॉर्गने मान डोलावली, आल्याबद्दल आभार मानले. कुणी आग्रह केला नाही. उवेने मात्र बॅटी गोळा करायला घेतल्या; आठ जणांत सामना होणार नव्हता.

अरुंधतीने मैदानाकडे वळून पाहिलं. समोरचा संघ तयार होऊन ताटकळत होता.

"फक्त आजचा दिवस हं," ती म्हणाली आणि कॅचरचा मुखवटा उचलला.

प्रभाताई खुशीत बाकावर सरसावून बसल्या. पण खेळ सुरू झाला आणि त्यांची खुशी पळाली. लुकासचा चेंडू सुसाट यायचा, आणि त्याच्या समोर उकिडवी बसलेली त्यांच्या घरची सून! पहिला चेंडू तिच्या हातातून निसटला, दुसरा खांद्याला लागला. आजवर बीव्हर्सनी शंभर चुका केल्या तरी त्या कौतुकाने बघत आल्या होत्या. आज एकेका चेंडूला त्यांचा जीव खालीवर होत होता.

"अरुंधती, राहू दे! ये परत!" त्या ओरडल्या.

"आई, गप्प बसा!" मुखवट्याआडून आवाज आला.

लुकासचं तोंड उतरू लागलं होतं. अरुंधती उठून त्याच्याजवळ गेली, काहीतरी बोलली, पोरगा हसला. पुढचा चेंडू थेट तिच्या पंज्यात येऊन बसला, असा आवाज करत की उवेसुद्धा खडबडून जागा झाला.

बीव्हर्स हरले. चांगलेच हरले. मैदान झाडून झाल्यावर अरुंधती लंगडत बाकाशी आली. गुडघे मातीने भरलेले, डोळे मात्र चमकत होते.

"काय सांगितलंस गं त्या पोराला?"

"म्हटलं, माझ्या सासूबाई बघतायत. चुकलास तर आपली दोघांची खैर नाही."

प्रभाताईंनी तिच्या खांद्यावरून हात फिरवला. "फार लागलं का?"

"लागलं. पण पुढच्या रविवारी पहिली मॅच आहे. मी हो म्हणून बसलेय. तेवढं घरचं तुम्ही बघाल ना?"

"मी? आणि मॅच कोण बघणार?"

दोघींनी एकमेकींकडे पाहिलं. मग अरुंधतीने फोन काढून उत्कर्षला सांगितलं की रविवारचा स्वयंपाक त्याच्याकडे.

"वरणाला फोडणी कशी देतात ते त्याला आजच दाखवून ठेवते," प्रभाताई म्हणाल्या, आणि सुनेच्या हाताचा आधार घेण्याऐवजी तिलाच आधार देत घराकडे निघाल्या.