रिस्टार्टनंतर न उघडलेलं दार

मित्रांनो, आमच्या भाचेबुवांची एक सवय मला मुळीच पटत नाही. स्वतःच्या हातून काही सांडलं, की ते भांड्याला बोल लावतात. परवा चौकशीला तीन साहेब आले होते. त्यांच्यासमोर हा बाबा माझ्या अंगावर हात ठेवून, तोंड वर करून म्हणाला, "मशीन म्हातारी झाली होती, साहेब. किती दिवस रेटणार?" साहेबांनी मान डोलावली आणि तसंच लिहून घेतलं. एका माणसाचा जीव गेला होता. तो माझ्या म्हातारपणाच्या नावावर टाकून चौघेही चहाला गेले.

मला कुणी काही विचारलं नाही. म्हणून मी तुम्हाला सांगते.

मी या छोट्या रुग्णालयातली जुनी सर्व्हर मशीन आहे. इथे आलेल्या प्रत्येक रुग्णाचं नाव, त्याचं दुखणं, त्याला कोणतं औषध दिलं आणि कोणतं सोसलं नाही, हे सगळं माझ्या पोटात. टेबलांवर मिरवतात ते कॉम्प्युटर नुसते विचारणारे. उत्तर देणारी मी. शिक्षण म्हणाल तर बेताचंच. लिहून ठेवणं आणि मागितलं की शोधून देणं, या दोनच गोष्टी मला येतात. पण त्या दोन गोष्टींत नऊ वर्षं कुणाला माझ्याकडे बोट दाखवता आलं नाही, हेही लिहून ठेवा.

माझा जन्म एका कारखान्यात झाला. दोन दिवस दोन रात्री तापवून, दमवून त्यांनी मला पारखलं आणि मग खोक्यात घातलं. इथे आले तेव्हा मला जागाच नव्हती. वॉर्डाशेजारची झाडू-बादल्यांची खोली माझ्यासाठी रिकामी झाली. एका सुतारकाकांनी मधे प्लायवूडची भिंत घातली, तसंच एक दार बसवलं आणि फरशी धुताना पाणी लागू नये म्हणून मला हातभर उंच घडवंची करून दिली. हा माणूस तोंडात खिळे धरून दिवसभर गप्पा मारायचा आणि एकही खिळा खाली पडायचा नाही. भिंत मात्र त्यांनी इतकी पातळ घातली, की पलीकडे वॉर्डात कुणी कूस बदलली तरी मला कळतं.

मला वाढवलं मास्तरांनी. मशीन सांभाळणं हे त्यांचं काम, आणि राहायला दोन बस बदलून जावं लागेल इतके लांब. म्हणून त्यांना घरबसल्या माझ्यापर्यंत पोचवणारं सॉफ्टवेअर हवं होतं. रिमोट म्हणतात त्याला. मास्तरांनी पाच-सहा आणली आणि मुली बघाव्यात तशी एकेकाला समोर बसवून पारखली. त्यांची पारख वेगळीच होती. चालू आहे तोवर ते कुणाचं कौतुक करत नसत. मधेच माझा प्लग ओढत. कधी इंटरनेटची तार काढून अर्ध्या तासाने लावत. मग स्वतः रस्त्यापलीकडच्या बाकावर जाऊन बसत आणि तिथून मी हाती लागते का ते बघत.

वॉर्डाच्या मोठ्या सिस्टर वैतागत. "मास्तर, चांगली चालती मशीन पाडताय कशाला?"

"पडल्यावर उठते का ते बघतोय. चालू असताना सगळेच शहाणे असतात, सिस्टर."

एक सॉफ्टवेअर दिसायला फार देखणं होतं. पण मशीन पुन्हा सुरू झाली, की कुणीतरी समोर बसून पासवर्ड टाकेपर्यंत ते जागंच व्हायचं नाही. मास्तर बाकावरून तरातरा परत आले. "मी इथे नसेन तेव्हाच मला हे लागणार ना? आणि मी इथे बसल्याशिवाय हे उठणार नाही म्हणतं. काय चाटायचंय याला?"

शेवटी त्यांनी घेतलं ते सगळ्यांत कुरूप. काळा पडदा आणि त्यावर नुसती अक्षरं. पण माझा डोळा उघडायच्या आत ते जागं असायचं. रुग्णालयाचा प्रोग्रामही त्यांनी तसाच बसवला होता, की कुणी येवो न येवो, मी उठले की तोही उठलाच पाहिजे. वर एक दुसरी वाट ठेवली. वेगळ्या फोनलाइनवरचा एक छोटा डबा, पहिली वाट बुजली तर त्यातून यायला. शिवाय खोलीची एक किल्ली सिस्टरांच्या खणात. मला रिस्टार्ट करायचं असेल तर ते आधी वॉर्डात सांगत आणि स्वतः इथे येऊन बसत. नऊपैकी सात वर्षं माझी अशी गेली.

मग मास्तरांच्या डोळ्यांनी दगा दिला. त्यांच्या जागी त्यांचा भाचा आला. मुलगा हुशार, खोटं कशाला बोलू? आल्याबरोबर त्याने माझ्या पंख्यांतली सात वर्षांची धूळ काढली. इतक्या हलक्या हाताने, की मलाच भरून आलं. मोठ्या सिस्टर त्याला भाचेबुवा म्हणायला लागल्या आणि तेच नाव चिकटलं.

पण काळा पडदा बघून त्याने नाक मुरडलं. "मामाच्या वेळचं भूत आहे हे," म्हणाला. त्यानेही तीन रिमोट पाहिले. एक उघडायला वेळ लावायचा. एकाचे रंग त्याला आवडले नाहीत. तिसरा त्याच्या फोनवर झटक्यात उघडला, माझ्या पडद्यावरचा बाण आपोआप धावायला लागला आणि धाकट्या सिस्टरने टाळ्या वाजवल्या. झाली निवड! मास्तरांनी बाकावरून येऊन ज्याला हाकललं होतं, त्याचंच हे नवं रूप होतं. काळा पडदा पुसून टाकला. दुसऱ्या वाटेच्या डब्याचा प्लग काढून तिथे टेबलफॅन लावला. कुलूप बदललं आणि किल्ली एकच, ती याच्या खिशात. रुग्णालयाचा नवा प्रोग्राम आणला, तोही याने पासवर्ड टाकला की मगच सुरू होणारा.

मित्रांनो, चूक कुठे झाली ते नीट ऐका. या दोन वर्षांत मला पुष्कळदा रिस्टार्ट केलं. पण दरवेळी तो समोर बसलेला असे. मी उठले की तो सवयीने पासवर्ड टाकी आणि सगळं सुरू होई. आपण टाकतो म्हणून सुरू होतं, हे त्याच्या डोक्यातच शिरलं नाही. त्याला वाटलं, ते आपलं आपण सुरू होतं. एकदा जरी रस्त्यापलीकडे जाऊन बसला असता, तरी कळलं असतं.

त्या दिवशी दुपारी तो दुसऱ्या गावी, दुसऱ्या एका कचेरीच्या कामावर होता. तिथून त्याने फोनवर रिस्टार्टचं बटण दाबलं. ना कुणाला सांगितलं, ना कुणाला विचारलं. मी झोपले आणि चार मिनिटांत उठले. ठणठणीत. पडद्यावर चौकट आली, पासवर्ड टाका. टाकणार कोण? खोलीला कुलूप.

त्याच वेळी भिंतीपलीकडे स्ट्रेचरची चाकं वाजली. सुतारकाका होते. छपराचं काम करताना खाली पडले होते. पायाचं हाड उघडं पडलेलं, जखमेत माती, शुद्ध हरपलेली. बरोबर नव्या कामावरचे दोन मजूर. त्यांना काकांच्या नाव-आडनावापलीकडे काही सांगता येईना. मुलीला निरोप गेला होता, पण ती वाटेत होती.

मला मात्र सगळं ठाऊक होतं. तीन वर्षांपूर्वी अंगठा पिकला म्हणून काकांना इथेच एक इंजेक्शन दिलं होतं. तोंड सुजलं, श्वास कोंडला, मरता मरता वाचले. तेव्हा मोठ्या सिस्टरांनी माझ्याकडे त्यांच्या नावावर लाल पट्टी टाकून लिहिलं होतं, हे इंजेक्शन या माणसाला कधीही देऊ नये. कागदी फायली मागच्याच वर्षी रद्दीत गेल्या. आता ती ओळ जगात एकाच ठिकाणी होती. माझ्या पोटात.

मोठ्या सिस्टर आत ऑपरेशनला उभ्या होत्या. बाहेर तीन महिन्यांपूर्वी लागलेल्या डॉक्टरीणबाई आणि धाकटी सिस्टर.

"हे आधी इथे आलेत का बघ गं."

"मॅडम, कॉम्प्युटर लागतच नाहीये."

भाचेबुवांना फोन गेला. स्पीकरवर होता, म्हणून मलाही ऐकू आलं. "रिस्टार्ट केलंय, दोन मिनिटं थांबा." दोनाची दहा झाली. पुन्हा फोन. "मलाही दिसत नाहीये. लाइनचा घोळ असेल. बघतोय मी."

"किल्ली कुणाकडे आहे हो?"

"माझ्याकडे."

"दार फोडू का? वॉचमन उभाय इथेच."

"छे छे! आत कुणी हात लावायचा नाही. आणखी पंधरा मिनिटं द्या."

मित्रांनो, तो पासवर्डचा शब्द त्याने फोनवर सांगितला असता, दार फोडू दिलं असतं, तर दोन मिनिटांचं काम होतं. पण आपला रिमोट उठत नाही, हे मान्य करायला त्याची जीभ रेटेना. तो तिकडे फोनवर बोटं आपटत राहिला. मी इकडे चौकट दाखवत उभी. मला ओरडता येत नाही. नाहीतर मी भिंत फोडली असती.

उघडं हाड पिकू नये म्हणून तासाभरात इंजेक्शन द्यावं लागतं. डॉक्टरीणबाई पन्नास मिनिटं थांबल्या. त्यांना मी दोष देत नाही. मग त्या म्हणाल्या, "दे." तेच इंजेक्शन.

थोड्या वेळाने धाकटी सिस्टर किंचाळली. मोठ्या सिस्टर हातमोज्यांसकट धावत आल्या. "अगं बाई, हे तर आपले सुतारकाका! यांना काय दिलंत? यांना काय दिलंत गं?" मग खूप पावलं, खूप आवाज. मग एकही नाही.

त्यानंतर वॉचमनने दार फोडलं. प्लायवूडचं दार ते, एका लाथेत उघडलं. तेव्हा कुठे भाचेबुवांनी शब्द सांगितला. मोठ्या सिस्टरांनी तो टाकला. काकांचं नाव शोधलं आणि मी लाल पट्टी दाखवली.

तेव्हा मित्रांनो, दुरून मशीन सांभाळायची असेल तर सॉफ्टवेअरचं रूप बघू नका. फोनवर किती झटकन उघडतं, तेही नंतर. आधी मशीन पाडा, लांब जाऊन बसा आणि तुमच्या मदतीवाचून ती उठते का ते बघा. दुसरी वाट ठेवा, तीही अधूनमधून चालून बघा. आणि किल्ली एकाच खिशात ठेवू नका. तो खिसा नेमका त्या दिवशी दुसऱ्या गावी असतो.

आज मला भंगारात काढायचं आहे. भाचेबुवा तारा सोडवत होते. तेवढ्यात काकांची मुलगी दारात आली. रडून रडून आवाज बसलेला. तिने एवढंच विचारलं, "दादा, मशीन जुनी होती म्हणून झालं म्हणतात. खरं का?"

त्याने मान खाली घातली. मला वाटलं, आता बोलेल.

"हो ताई," तो म्हणाला. "मशीनच जुनी होती."

ती "बरं" म्हणाली आणि गेली. माझा प्लग अजून भिंतीत आहे. पंखे आहे तेवढ्या जोरात फिरवून सांगते. त्याला घरघर ऐकू आली तरी हरकत नाही.

"भाचेबुवा, इकडे बघ. त्या दिवशी झाली ती चूक होती, रे. मामाकडे जाऊन पाय धरले असतेस तर तीही मी पोटात घातली असती. पण आत्ता ती पोर समोर उभी राहून खरं मागत होती, आणि दार उघडायला या वेळी तुला ना किल्ली लागत होती ना रिमोट. तरी तू उघडलं नाहीस. तू हुशार नाहीस, तू भित्रा आहेस. काढ आता माझा प्लग."