सरावाचा जिना

मिस्त्री गुडघ्यावर बसला आणि त्यानं पहिल्या पायरीच्या कडेवरून अंगठा फिरवला. मग दुसरीच्या. मग तिसरीच्या. तिथं थांबून त्यानं परत पहिलीला हात लावला.

"अरे, आपण आईसाठी जागा बघायला आलोय," ताई म्हणाली. "तुझं सुतारकाम नंतर."

तो उठला नाही. व्यायामाच्या दालनाच्या मधोमध तो लाकडी जिना उभा होता. पाच पायऱ्या वर, मग एक फळी, आणि पलीकडून पाच पायऱ्या खाली. कुठंच न जाणारा जिना. ऑपरेशन झालेल्यांनी त्यावर चढ-उताराचा सराव करायचा, मग आपापल्या घरचा जिना चढायचा. पहिल्या पायरीवरचं पॉलिश थोडंसं उडालं होतं. दुसरीपासून पुढं लाकूड करकरीत होतं. कारखान्यातून निघताना मारलेला शेवटचा हात तसाच्या तसा, पावलाची साधी रेघही नाही.

"हा जिना कधीचा?" त्यानं विचारलं.

"केंद्र उघडलं तेव्हाचाच. चार वर्षं झाली की," मेट्रनबाई म्हणाल्या. त्यांचा आवाज इतका मऊ होता की ऐकायला माणसानं आपोआप पुढं वाकावं. "आवडला ना, दादा?"

मिस्त्रीनं पायरीवरचा अंगठा काढून घेतला. माणसं खोटं बोलतात, लाकडाला ते जमत नाही, असं तो कारागिरांना नेहमी ऐकवायचा आणि कारागीर त्याच्या पाठीमागं हसायचे. आत्ता त्याला स्वतःलाच ते आठवायला नको होतं.

आईच्या खुब्याचं ऑपरेशन होऊन नऊ दिवस झाले होते. उद्या तिला सुट्टी मिळणार होती. डॉक्टरांनी दोघा भावंडांना बाजूला घेऊन आडपडदा न ठेवता सांगितलं होतं. पुढचे सहा आठवडे रोज उभं करा, चालवा, तर ती पूर्वीसारखी फिरेल. हे सहा आठवडे वाया गेले, तर मग कायमची पलंगाला खिळेल. घरी नर्स ठेवून जमण्यासारखं नव्हतं. खाली मिस्त्रीचा कारखाना, वर घर, आणि मधे तो जिना.

जिना त्यानंच बांधला होता. ताई चार दिवस राहायला येणार म्हणून त्यानं त्याला नवं पॉलिश मारलं, आरशासारखं. आई चहाचा कप घेऊन खाली येत होती. तिसऱ्या पायरीवर तिचा पाय गेला. त्याला कुणी बोल लावला नाही. ताई आली तेव्हा एवढंच म्हणाली होती, "चकचकीत झालाय हं जिना."

ताई मुख्याध्यापिका. तिनं वहीत चौदा प्रश्न लिहून आणले होते आणि शाळा तपासायला आल्यासारखी ती एकेकावर खूण करत होती. एका नर्सकडे किती रुग्ण? पाठीला जखमा होऊ नयेत म्हणून कूस किती तासांनी बदलतात? डॉक्टर कधी येतात? मेट्रनबाईंकडे सगळ्याचं उत्तर तयार होतं. फक्त व्यायाम घेणारे सर नुकतेच बाहेर गेले होते. सकाळी फोन केला तेव्हाही ते नुकतेच बाहेर गेले होते.

"गेल्या वर्षभरात इथं किती जण पडले?" ताईनं विचारलं.

"एकही नाही." मेट्रनबाईंनी पहिल्यांदाच मान ताठ केली. "वर्षात कशाला, चार वर्षांत एकही नाही. आपल्याकडे कुणी पडत नाही."

ताईनं त्या प्रश्नावर दोनदा खूण केली. मिस्त्रीचा श्वास एकदम मोकळा झाला. इतका, की त्याची त्यालाच लाज वाटली.

मग दोघी कागदपत्रं बघायला ऑफिसात गेल्या आणि तो एकटाच बाहेर फिरत राहिला. लांबलचक व्हरांडा होता, दोन्ही बाजूंना खोल्या. कसला वास नव्हता. औषधाचा नाही, जेवणाचा नाही, माणसांचाही नाही. ऐन दुपारचे साडेबारा, पण कुठं भांडं वाजत नव्हतं, कुणी खोकत नव्हतं. सगळी दारं सताड उघडी होती. प्रत्येक दारातून एक खुर्ची दिसत होती, खुर्चीत नीट भांग पाडलेलं एक माणूस, आणि प्रत्येकाचं तोंड दाराकडे. तो पुढं सरकेल तशा नजरा सरकत होत्या. माना मात्र हलत नव्हत्या.

सवयीनं त्याचं लक्ष दारांच्या मुठींवर गेलं. बाहेरची मूठ हात लागून लागून उजळली होती. आतल्या मुठीवर दुकानातून येताना असतं ते पातळ प्लॅस्टिक अजून तसंच चिकटलेलं. पुढच्या दारावर तेच. त्याच्या पुढच्यावरही. चार वर्षांत आतून कुणी दार उघडलं नव्हतं. मिस्त्रीनं उगाच नखानं प्लॅस्टिकचा एक कोपरा खरवडला.

"राहू द्या ते," आतल्या चाकाच्या खुर्चीतले आजोबा म्हणाले. "त्याला कुणी हात लावत नाही."

अंगानं काटकुळे, पण आवाज असा की शेवटच्या बाकापर्यंत पोचावा. चाळीस वर्षं बसवर कंडक्टर होतो, हे त्यांनी न विचारताच सांगितलं.

"इथं कधीपासून आहात, आजोबा?"

"सहा आठवड्यांसाठी आलोय."

"मग किती झाले?"

आजोबांनी खिडकीबाहेर पाहिलं. "थंडी दोनदा येऊन गेली."

"सहाच आठवडे हं," समोरच्या खोलीतून एक बाई म्हणाल्या. त्यांना कुणी काही विचारलेलं नव्हतं. त्या पलीकडच्या खोलीतूनही बारीक आवाज आला, "सहाच." अगदी त्याच चालीत.

"इथं कुणी पडत नाही म्हणे," मिस्त्री म्हणाला. काहीतरी बोलायला हवं होतं.

"पडायला आधी उभं राहावं लागतं, मिस्त्री." आजोबा हसले. त्याचे हात बघूनच त्यांनी ओळखलं असावं. "आम्ही पडत नाही. आम्ही पडून असतो." आणि आवाज खाली आणत म्हणाले, "मला त्या जिन्यापर्यंत नेता? फक्त तिथपर्यंत."

त्यानं व्हरांड्याच्या दोन्ही टोकांना पाहिलं. कुणी नव्हतं. खुर्चीची चाकंसुद्धा आवाज करत नव्हती.

जिन्यापाशी त्यानं आजोबांच्या काखेत हात घातले. "एक, दोन," म्हणायच्या आधीच ते उभे राहिले. थरथरत होते, पण उभे होते. उजवं अनवाणी पाऊल पहिल्या पायरीवर गेलं. मग डावं. मग आजोबांनी कठडा धरला, मोठा श्वास घेतला आणि दुसऱ्या पायरीवर पाय ठेवला. करकरीत पॉलिशवर पावलाचा पहिला ओला ठसा उमटला. मिस्त्रीला वाटलं, आता आपण रडणार.

"सोडा आता," आजोबा म्हणाले.

"सोडतो."

"सोडा ना. चालत्या बसमध्ये दोन्ही हातांनी तिकिटं फाडलीत मी. हात न धरता."

"हो, सोडतो."

पण त्याचे हात सुटेनात. त्यानं मनातून सांगितलं, सोड, आणि बोटं आणखी घट्ट झाली. डोळ्यांसमोर फक्त चकचकीत लाकूड होतं आणि त्यावरून घसरणारी टाच. जगातल्या सगळ्या पायऱ्या त्याला तशाच दिसत होत्या. त्यानं दात आवळले.

"दुखतंय," आजोबा हळूच म्हणाले.

मिस्त्रीनं त्यांना उचललं, अक्षरशः उचललं, आणि खुर्चीत बसवलं. आजोबांच्या दंडावर त्याची बोटं उमटली होती.

"असू द्या," ते म्हणाले. समजूत त्यांनीच काढावी अशी ती वेळ होती आणि त्यांना तिची सवय असावी. "सगळ्यांचं असंच होतं. माझ्या लेकाचंही झालं होतं."

त्यानं मान वळवली. मेट्रनबाई दारात उभ्या होत्या. केव्हापासून, कुणास ठाऊक. त्याला वाटलं आता खडसावतील. पण त्या कौतुकानं बघत होत्या.

"छान धरलंत हो, दादा," त्या म्हणाल्या. "आमच्या मुलींना मी अगदी हेच शिकवते."

आणि पुढं होऊन त्यांनी रुमालानं दुसरी पायरी पुसून घेतली.

ताई बाहेर अर्ज घेऊन बसली होती. चष्मा कपाळावर, पेनाचं टोपण दातांत. ती थकलेली दिसत होती. गेले नऊ दिवस दवाखान्यात तीच राहत होती.

"एकाच प्रश्नाचं उत्तर नीट मिळालं नाही," ती म्हणाली. "किती जण बरे होऊन घरी गेले? तर म्हणे, सगळे इथं रमतात." तिनं त्याच्याकडे पाहिलं. "तू एवढं खालीवर बघितलंस. लाकडावरून कळतं म्हणतोस ना? मग काय कळलं?"

आता सांगायचं. दोन वाक्यांचं काम होतं. पहिली पायरी आणि आतली मूठ. तो सांगता तर ताईनं अर्ज तिथंच फाडला असता, हे त्याला ठाऊक होतं. दुसरी जागा शोधायला अर्धा दिवस हातात होता. आणि मिळाली नसती, तर आई घरी आली असती. त्या जिन्यानं.

"काम पक्कं आहे," मिस्त्री म्हणाला.

"म्हणजे ठेवायचं?"

"ठेवू."

ताईनं डोळे मिटले, उघडले आणि सही केली. तिच्या खांद्यांवरचं ओझं उतरलेलं त्याला स्पष्ट दिसलं.

फाटकाबाहेर येताच फोन वाजला. आईच होती. नर्सच्या फोनवरून बोलत होती, म्हणून नेहमीपेक्षा मोठ्यानं.

"झालं का रे बघून? कशी आहे जागा?"

"चांगली आहे."

"व्यायाम घेतात ना? मी आज भिंत धरून सहा पावलं टाकली. डॉक्टर म्हणाले, म्हातारी पळायला लागेल." ती स्वतःवरच खूश होऊन हसली. "बरं ऐक, उद्या येताना माझ्या चपला आण. मला अनवाणीच उचलून आणलंत तुम्ही. नव्या नको, त्या जुन्या, पट्ट्याच्या."

मिस्त्री गाडीच्या दारापाशी उभा राहिला. ताई पुढं जाऊन बसली होती आणि वही पिशवीत ठेवत होती.

"चपला कशाला लागतायत, आई?" तो म्हणाला.

आई कुठलीही गोष्ट एका शब्दात मानणारी नव्हती. त्यानं वाट पाहिली. ती भांडली असती, तर कदाचित तो परत आत गेला असता.

"बरं," आई म्हणाली.