ओढ्यापलीकडची चूल

अजिनाथने टेम्पोचा हॉर्न दाबला आणि पुढे चालणारी अंगणवाडीची पोरं हॉर्नहून मोठ्यानं ओरडली, “भाकऱ्याऽऽ! काढा भाकऱ्याऽऽ!”

सप्ताहाचा शेवटचा, काल्याचा दिवस. देवळामागे मोठ्या कढईत आमटी उकळत होती. आमटी सगळ्या गावाची एकत्र, भाकऱ्या मात्र घरोघरच्या, असा इथला जुना शिरस्ता. बाया पहाटेपासून तव्यापाशी बसलेल्या. टेम्पो दारात आला की टोपली बाहेर यायची. शेजारणीची टोपली डोळ्यांनीच तोलून एखादी पुन्हा आत जायची आणि आणखी भाकऱ्या घेऊन यायची. भक्तीला चढाओढीची फोडणी बसली की ती जास्त खमंग होते, हे अजिनाथला पक्कं ठाऊक होतं. म्हणून तो मुद्दाम म्हणे, “वैनी, पलीकडून टोपली शीग लावून आली बरं का!”

पोरांना घेऊन निघायची कल्पना रोझीबाईंची, अंगणवाडीच्या सेविकेची, आणि ती याच वर्षीची. ‘आपलं गाव’ शिकवताना त्यांनी फरशीवर खडूनं गाव काढलं होतं आणि प्रत्येकाला आपल्या घराच्या जागी एक खडा ठेवायला सांगितला होता.

“कोणतं घर आपल्या गावातलं? जिथं चूल पेटते, ते.”

“बाई, आमच्यात गॅस हाय,” पाच वर्षांची संस्कृती रडवेली होऊन म्हणाली.

“गॅस म्हणजे चूलच गं.”

तेव्हा कुठे तिचा जीव भांड्यात पडला. खडा ठेवून झाल्यावर ती फरशीकडे बघत राहिली आणि म्हणाली, “बाई, तुमचा खडा?” बाईंनी हाताचा खडू झटकला आणि पोरांना हात धुवायला पाठवलं.

आता गल्ल्या संपत आल्या होत्या. ओढ्याकाठच्या लिंबापाशी अजिनाथनं सवयीनं टेम्पो मागे वळवायला घेतला, तर संस्कृती दोन्ही हात पसरून समोर उभी.

“अजूकाका, एक घर ऱ्हायलं.”

“कोनाचं?”

“बाईंचं.”

ओढ्यापलीकडे एकच घर होतं. कौलारू, स्वच्छ सारवलेल्या अंगणाचं, चौकटीवर लहानसा लाकडी क्रूस असलेलं. त्या घराशी गावाचं काही वाकडं नव्हतं. उलट, हिशेब चोख होता. नाताळच्या करंज्या गावभर जात आणि ताट कधी रिकामं परत येत नसे. निदान चिमूटभर साखर तरी त्यात असे. फक्त काल्याच्या दिवशी टेम्पो लिंबापासून वळे. त्यांना चालेल की नाही, म्हणून गाव विचारत नसे. विचारलं नाही, तर आपण कसं पुढं व्हायचं, म्हणून ते घर गप्प राही. दोन्ही बाजूंनी इतक्या वर्षांचा सभ्यपणा साठला होता की तो ओलांडायला ओढ्यापेक्षा अवघड झाला होता.

“चल बाळा,” बाई घाईनं म्हणाल्या. “भाकऱ्या गार होतील.”

“तुमच्याकडं चूल न्हाई?”

बाईंनी पदर सारखा केला. मग उगाच पुन्हा सारखा केला.

“तसं न्हाई गं,” अजिनाथ मान खाजवत म्हणाला. “बाईंना चालतंय का न्हाई, कुनी इच्यारलंच न्हाई कधी.”

“मग इच्यार की.”

बाकीची पोरंही लागली, “इच्यार की! इच्यार की!”

अजिनाथ खाली उतरला. लहानपणी त्याचं नाक पुसून त्याला ओळीत बसवायला शिकवलं ते याच बाईंनी. साऱ्या गावात खणखणीत फिरलेला त्याचा आवाज इथं येऊन बारीक झाला.

“बाई... भाकऱ्या?”

बाईंनी पदर खोचला. ओढ्यातल्या दगडांवर पाय देत त्या पलीकडे निघाल्या. अजिनाथनं मागून हाक दिली, “घाई न्हाई बाई! पीठ मळा सावकाश. आमटीला येळ हाय अजून!” आणि टेम्पो बंद करून तो लिंबाखाली बसला.

बसतो न बसतो तोच बाई बाहेर आल्या. हातात टोपली, तिच्यावर धुतलेलं पांढरं फडकं. संस्कृतीनं दगडांवरून पलीकडे धावत जाऊन ते उचललं, तर आत भाकऱ्यांची चवड, अजून कोमट.

अजिनाथ उठून उभा राहिला. “एवढ्यात झाल्या?”

दारात बाईंचे यजमान स्टीफन उभे होते. नागापूरच्या कारखान्यातून निवृत्त झालेला, मोजकंच बोलणारा माणूस. चष्मा वर सारत ते म्हणाले, “एवढ्यात कशाच्या? दर साली पहाटे होत्यात. ह्या खेपेला उद्या शिळ्या भाकरीचा कुस्करा खावा लागायचा न्हाई, एवढंच.”

बाईंनी त्यांच्याकडे असं पाहिलं की ते लगेच आत गेले.

अजिनाथनं पायातल्या चपला काढल्या, ओढा ओलांडला आणि टोपली दोन्ही हातांनी घेतली. टेम्पोत ठेवताना त्यानं नेहमीसारखी थट्टा केली नाही.

देवळात पांढऱ्या धोतरांवर भाकऱ्यांची रास लागली होती. पोरं उंबऱ्यातच थबकली. बाजरीच्या, ज्वारीच्या, जाड, पातळ, कडेला करपलेल्या. रास ती लावत बसलेल्या म्हाताऱ्या बनुबाईंच्या खांद्याला लागलेली आणि वरून वाफ निघतेय, जणू सगळं गाव एकदम श्वास घेतंय. सकाळपासून ओरडणारी पोरं नुसती बघत उभी राहिली. शेजारी रोझीबाईही तशाच उभ्या. ह्या राशीबद्दल त्यांनी इतकी वर्षं फक्त ऐकलं होतं.

बनुबाईंनी टोपली रिती केली आणि भाकऱ्या हातानं पसरवल्या.

“आजी, मिसळू नको!” संस्कृती भानावर आली. “बाईंच्या कुठल्या ते बघायचंय मला!”

“मिसळायलाच तर आनल्यात, बये,” बनुबाई म्हणाल्या.

पंगत बसली. पोरांच्या ओळीत बाईंच्याही पत्रावळीवर भाकरी पडली. संस्कृती लगेच वाकली. “बाई, ही तुमची हाय का?”

आपल्या हातची भाकरी बाईंनी अंधारातही ओळखली असती. त्यांनी ती उलटून पाहिली, कडेवरून बोट फिरवलं.

“ओळखू येईना गं,” त्या म्हणाल्या, आणि आमटीची बादली पोचायच्या आधीच त्यांनी कोरडा तुकडा मोडून तोंडात घातला.